ठिपकीच्या लेकी

ता. ६ फेब्रुवारी

चि. ताईस आबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज उजाडताच गोठ्यात गेलो. ठिपकी गाईची थोरली लेक निवांत रवंथ करत उभी, आणि तिच्या मागे शेणात वासरू पडलेलं. मांजराएवढं. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. पाचव्या महिन्यात गाभ टाकला. गाय मात्र ठणठणीत; ताप नाही, दूध आटलं नाही. उलट मला बघून पेंडीसाठी मान पुढे केली.

यंदाची ही तिसरी, आणि तिघी ठिपकीच्याच. तुझी आई म्हणते मुरघासाच्या चाऱ्याला बुरशी लागली असेल. मला वाटतं कुणीतरी मुद्दाम काही खायला घातलं. धार काढणाऱ्या गड्याकडेही मी संशयाने बघायला लागलोय. वासरू बर्फात घालून तुझ्या प्रयोगशाळेत पाठवलंय. तू रोज असली कामं करतेस, पण हे घरचं आहे, जरा हळू हाताने बघ.

वेळेवर जेवत जा, नाहीतर तुझी आई मलाच धारेवर धरते. माया आहेच, कागदावर किती मावणार?

— आबा

ता. १७ फेब्रुवारी

तीर्थरूप आबांस ताईचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आधी खुर्चीवर बसा, मग वाचा. कुणी काही घातलेलं नाही. गड्याला उगाच छळू नका. वासराच्या मेंदूत एक परजीवी सापडला, निओस्पोरा. साध्या डोळ्यांना दिसत नाही. माझा विश्वास बसेना म्हणून साहेबांनाही दाखवला.

तो कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यात येतो आणि चाऱ्यातून गाईत. गाय आजारी दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. एकदा शिरला की जन्मभर राहतो, आणि पोटातल्या वासरातही उतरतो. कधी गाभ पडतो. पण बऱ्याचदा वासरू धडधाकट जन्मतं आणि तोच घेऊन वाढतं. औषध नाही, आबा.

सगळ्या गाईंचं रक्त पाठवा. व्याल्यावर पडणारी वार कुठे टाकता? ती खाऊनच कुत्र्याला तो लागतो. आपला कुत्रा, भुऱ्या, ती खातो का? ठिपकीचे दिवस भरत आलेत. वासराने चीक पिण्याआधीच त्याचं रक्त घ्या, म्हणजे खरं काय ते कळेल; चिकातून आईची प्रतिद्रव्यं उतरली की फरक कळत नाही. माणसाला यातून काही झाल्याचं आढळलेलं नाही, एवढं आईला नक्की सांगा.

रागावा, पण पत्र पाठवा. आईला नमस्कार.

— ताई

ता. ११ मार्च

चि. ताईस आशीर्वाद. वि. वि.

रक्ताचा तुझा अहवाल मी दोनदा वाचला, मग तुझ्या आईला वाचायला दिला. ठिपकीत आणि तिच्या झाडून सगळ्या लेकी-नातींत तो आहे. बाकी गाई स्वच्छ. म्हणजे जिच्या जिवावर मी गोठा वाढवला, तिच्याच रक्तातून हे वाढत होतं.

भुऱ्या वार खातो. उकिरड्यावर टाकायचो आम्हीच, आणि पेंडीच्या खोलीला दार नाही, तो तिथेही शिरतो. मी त्याला हाकलायला काठी उचलली, तर तुझी आई आडवी आली. तुम्ही टाकलंत ते त्याने खाल्लं, म्हणाली. आता वार खोल पुरतो, खोलीला दार बसवलंय.

पण खरा धक्का पुढेच आहे. तुझ्या बहिणीला, छकुलीला, सासरी दिलेली कालवडही ठिपकीचीच. विचारलं तेव्हा रडली. कालवडीने गाभ टाकला होता आणि सासूबाई म्हणाल्या, हिच्या हाताला गुण नाही. तेव्हापासून पोरीने गोठ्यात पाऊल टाकलेलं नाही. मला वाईट वाटेल म्हणून आजवर गप्प.

ठिपकी काल व्याली. पाडी झाली, काळी कुळकुळीत. जन्मल्यावर तासाभरात उभी राहिली. चीक पाजण्याआधी रक्त घेतलंय. लवकर कळव. सगळे तुझी वाट बघतात, मी जरा जास्तच.

— आबा

ता. १९ मार्च

तीर्थरूप आबांस नमस्कार.

पाडीच्या रक्तातही आहे. दुसरं काही लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं. तिला वाढवा, पण गाभण राहू देऊ नका, आणि कुणाला विकू नका. ठिपकीच्या बाकीच्यांचंही तेच. छकुलीचं वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. माझ्याशीही ती बोलली नाही, आबा.

प्रकृतीला जपा, माझ्यासाठी.

— ताई

ता. २६ मार्च

चि. ताईस आशीर्वाद. वि. वि.

पाडीला गिऱ्हाईक आलं होतं. खरं काय ते सांगितलं, तर ते चहा न घेताच उठलं. संध्याकाळपर्यंत सगळीकडे बोभाटा झाला. आता आपल्या गोठ्यातलं जनावर कुणी घेईल असं वाटत नाही. असो.

काल छकुलीकडे गेलो, तुझा अहवाल खिशात घालून. सगळ्यांना बसवलं आणि वाचून दाखवला. म्हणालो, "खोट माझ्या गाईत होती, माझ्या पोरीच्या हातात नव्हती." जावई खाली मान घालून बसले. मग सासूबाई उठल्या, धारेची बादली विसळली आणि छकुलीपुढे धरली.

ती बादली घेऊन गोठ्यात गेली. मी दारातच उभा राहिलो. बराच वेळ नुसती गाईच्या अंगावरून हात फिरवत होती, मग धारेला बसली.

तुझी आई कुशल आहे. सुट्टी मिळाली की ये. तुझ्यावाचून घर मोठं वाटतं.

— आबा