डोळ्याचं औषध कपाळाला

जळगाव, मंगळवार संध्याकाळ

आज मला बिनसाखरेचा चहा देण्यात आला. विनोदी लेखकावर याहून मोठा अन्याय झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पण घरात साखरेकडे लक्ष होते कोणाचे?

भाची मनीषा बाळंतपणापासून इथेच आहे. तिच्या चार महिन्यांच्या मुलीच्या कपाळावर, भुवईला लागून, लाल फुगीर डाग आहे. रक्तवाहिन्यांची गाठ म्हणे. त्वचेच्या डॉक्टरांनी त्यावर लावायला काचबिंदूचे थेंब दिले. नेमके तशाच बाटलीतले थेंब मुलीची आजी, म्हणजे माझी थोरली बहीण अक्का, स्वतःच्या डोळ्यांत घालते. मी जेवताना म्हणालो, "डोळ्याचं औषध कपाळाला? मग चष्मा गुडघ्याला लावा!" सगळे हसले. अक्काने मात्र ते खरे मानले, बाळाला थेंब लावायचे काम तिच्याकडेच होते, ते गुपचूप बंद केले आणि डागावर काजळाची तीट लावू लागली.

पंधरा दिवसांत डाग पापणीपर्यंत आला. आज डॉक्टर म्हणाले, थेंब डागासाठीच होते. डोळा झाकला जाण्याआधी पुन्हा सुरू करा. मनीषा आईवर भडकली. अक्का माझ्याकडे वळली, "भाऊ, जेवताना तूच तसं बोलना व्हता ना?"

मी वर्तमानपत्रात तोंड घातले. का? विनोद माझा आणि बोलणी तिला?

ती बाटली डोळ्यांसमोरून हलेना. मघाशी मनीषाला म्हटले, "अक्काला बोलू नकोस. औषध माझ्या जिभेनं बंद केलं."

ती उठली, आणि दुपारपासून उपाशी बसलेल्या आईचे ताट वाढायला गेली.