बंद करायची राहिलेली डिस्क

शुक्रवार, संध्याकाळ. अहमदपूर.

आज लातूरच्या शैलाताईंबद्दल लिहून ठेवायलाच हवं. लॅपटॉप दुरुस्तीचं त्यांचं दुकान टीचभर, पण बाई केवढी हुशार.

वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, भीमगीतांची डीव्हीडी घेऊन गेले होते. लकवा मारल्यापासून दादांचा आवाज गेला, आणि गाणी फक्त त्या एका डिस्कवर. घरचा प्लेअर आणि शाळेतला संगणक, दोन्हींनीही ती कोरी दाखवली. मी आशाच सोडली होती.

शैलाताईंनी डिस्क लावली आणि ड्राइव्हला चक्क कान लावला.

"आवाज नीट हाय, डिस्क खराब न्हाई ताई. गाणी भरल्यावर ती बंद करावी लागती, म्हंजी 'फायनलाइज', तेवढंच राहिलंय. नुसत्या वाचणाऱ्या ड्राइव्हला ती दिसत न्हाई. ज्यानं लिहिली तोच ड्राइव्ह मिळाला तर लई बरं."

ज्या जुन्या लॅपटॉपवर मी ती गाणी भरली होती तो बंद पडलेला, पण पिशवीत होता. त्यातला ड्राइव्ह त्यांनी काढला. माझ्या नव्या लॅपटॉपात त्याला जागाच नाही. मग ड्राइव्ह बाहेरून जोडायच्या रिकाम्या डबीत बसवून यूएसबीने जोडला. एका वायरीची वीज पुरेना, तर दुसरीही लावली. पुन्हा कान. डिस्क फिरली, गाणी दिसली. मला हे का सुचलं नाही? पण कान लावून ऐकायचं कुणाला सुचतं?

घरी आल्यावर दादांना पहिलं गाणं ऐकवलं. ते डोळे मिटून पडून होते. गाणं संपलं तशी डाव्या हाताने खूण केली, पुन्हा लाव.