पुरातल्या माणसांना दहापैकी किती गुण

क्राबेनहूक,
गुरुवार, १९ जानेवारी २०२३

आदरणीय इझाक आजोबांना,

तुमच्या थोरल्या भावाच्या नातवाचा, म्हणजे क्राइनचा, लांबूनच वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? आई सांगत होती, ग्रोनिंगेनच्या थंडीत तो हवामानखात्याच्या आधी बोलायला लागतो. कानातलं यंत्र वापरता ना? (तेही आईनेच सांगितलं, की पाद्रीबुवा भेटायला आले की तुम्ही ते काढून खिशात ठेवता आणि मग हसतमुखाने ऐकता.) इथे आम्ही सर्व क्षेम आहोत. आम्ही सर्व म्हणजे मी एकटा, आणि क्षेमाबद्दल आता सांगतोच.

तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी होड्या बांधायच्या शाळेत होतो. ती सुटली. (मी सोडली असं मी सांगतो, शाळेकडे वेगळी हकिगत आहे.) मग स्ट्रॉबेरीचे मळे झाले, मग एक फेरीबोट, मग एका सर्कशीचा तंबू उभारायचं काम, जो तंबू एकदा आम्ही उलटा उभारला, पण ते पुन्हा कधीतरी. ऑक्टोबरात सायकलवरून पोर्तुगालला निघालो. झीलंडमध्ये येईपर्यंत समोरून असा वारा सुटला की मी पहिल्या गावात थांबलो, आणि पाटी वाचली तर क्राबेनहूक. पुरानंतर ज्या गावातून तुम्ही आणि अब्राम आजोबा उठून गेलात आणि ज्याचं नाव घरात कुणी फारसं काढत नसे, तेच. मी आडनाव सांगितलं तर खानावळीतली बाई म्हणाली, “अरे, तू त्यांच्यातला होय,” आणि पुढे काहीच बोलली नाही. मला वाटलं, आपलं घराणं मोठंच प्रसिद्ध असणार.

इथल्या शाळेची सायकलशेड रंगवायचं काम मिळालं. तोवर सर्वांत मोठ्या मुलांच्या गटाचे मास्तर बर्फावर घसरून पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. बदली शिक्षक तर देशभर कुठेच मिळत नाहीत. मुख्याध्यापिका विस्सेबाई शेडमध्ये येऊन म्हणाल्या, “तुम्हाला मुलं आवडतात का?” मी म्हटलं, “रंग वाळायला दोन तास लागतात.” हा त्यांनी होकार धरला. अशा रीतीने मी, ज्याने एकही शाळा शेवटपर्यंत पाहिली नाही, मास्तर झालो.

शिकवायचं होतं ते असं. त्रेपन्नच्या महापुराला येत्या एक फेब्रुवारीला सत्तर वर्षं होतात, तर मुलांनी त्या रात्रीची गावची हकिगत वाचून तिच्यातली माणसं ओळखायची. आजारी मास्तरांनी एक तक्ता ठेवला होता: माणूस काय बोलतो, काय करतो, इतर त्याच्याबद्दल काय म्हणतात, त्याच्यापुढे पर्याय काय होते. तक्ता होता गोष्टीच्या पुस्तकातल्या राजपुत्रांसाठी आणि कोल्ह्यांसाठी. मी विचार केला, कोल्हा काय आणि खरा माणूस काय, तक्ता तोच चालेल. चौथा रकाना कागदात मावेना म्हणून मी तो गाळला. आणि माझ्या पदरची एक भर घातली: प्रत्येकाला दहापैकी गुण. आपल्या लोकांचं गुण दिल्याशिवाय समाधान होतच नाही, सूपला देतात, सुट्टीला देतात, एकदा तर अब्राम आजोबांनी स्वतःच्या सासूबाईंच्या अंत्ययात्रेला साडेसात दिले होते.

मुलांनी मन लावून गुण दिले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जागेवर बसून राहिलेल्या मुलीला नऊ. महापौरांना आठ. बेकरीवाल्याला साडेसहा. पाद्रीबुवा साडेपाचावर कसेबसे पास. आणि मारिनुस डेक्करला चार. हा डेक्कर म्हणजे गावचा फळ्यावाला. समुद्राच्या बांधातून रस्ता जातो तिथे मोकळी वाट आहे. समुद्र चढला की तिथल्या खाचांत फळ्या बसवून ती बंद करायची, हे त्याचं काम. त्या रात्री पाणी आलं तेव्हा ती अर्धीच बंद होती. नापास.

मग मी ते तक्ते चिकटवले. भिंतीला चिकटवता येईनात, कारण शेडच्या उरलेल्या रंगाने ती मीच रंगवली होती आणि अजून ओली होती. म्हणून खिडकीच्या काचांना चिकटवले. अक्षरांची बाजू बाहेर गेली, ती का गेली हे मला आजही सांगता येणार नाही. खिडक्या रस्त्यावर, आणि पडदा लावणं म्हणजे आपल्याकडे चोरी केल्यासारखं. गेल्या आठवड्यात सोमवारी साडेदहाच्या कॉफीपर्यंत सगळ्या गावाने आपापल्या मेलेल्यांचे गुण वाचले होते.

पहिला आला बेकरीवाल्याचा नातू, अंगभर पीठ तसंच.

“साडेसहा? आमच्या आजोबांनी पावाच्या गाडीतून नऊ माणसं बाहेर काढली.”

वीका नावाची एक मुलगी आहे, बारा वर्षांची, तिच्यापुढे मी स्वतःच विद्यार्थी असतो. ती म्हणाली, “पण आधी त्यांनी गाडीतले पाव उतरवून फळीवर नीट रचले.”

“मग काय पावांवर माणसं बसवायची होती?”

“म्हणूनच तर सहावर अर्धा दिला.”

पाद्रीबुवांच्या सूनबाई फेरपरीक्षा मागायला आल्या. टेलिफोनवाल्या मुलीचे घरचे मात्र नऊ गुणांबद्दल एक डबा भरून दालचिनीचे चिकट, गोड बोलुस-पाव देऊन गेले, ते मी एकट्याने खाल्ले, आणि तेवढ्यात दारात मिना डेक्कर उभी राहिली. वय अठ्ठ्याहत्तर, मारिनुसची मुलगी. चाकांचा वॉकर ढकलत थेट वर्गाच्या मधोमध आली. माझी बोटं चिकट होती, हात पुढे करावा की नाही कळेना.

“माझ्या बापाला चार कुणी दिले?”

वीकाने हात वर केला. भित्री नाही ती. “वाट बंद करायचं काम त्यांचं होतं आणि त्यांनी उशीर केला. सगळे तसंच सांगतात.”

“सगळे म्हणजे कोण गं?”

“गावची पुस्तिका.”

“आणि पुस्तिका कुणी लिहिली?”

“महापौरांच्या मुलाने.”

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “तरीच त्यांना आठ.”

मिना हसली नाही. तिने विचारलं, “वाट बंद करायला फळ्या किती लागतात?” कुणालाच माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच. सोळा लागतात, आजोबा. त्या रात्री डेक्करने फळ्यांची खोली उघडली तर आत अकराच. पाच कुणीतरी नेल्या होत्या. तो दारोदार फिरला, फळ्या द्या म्हणून हाका मारत, आणि आठ वर्षांची मिना कंदील धरून त्याच्यामागे. कुणाकडे मिळाल्या नाहीत. शेवटी त्याने स्वतःच्या घराचं दार बिजागऱ्यांतून उचकटून आणून खाचेत ठोकलं. तेवढ्यात पाणी आलं. गावातली अकरा माणसं गेली, त्यांत बिनदाराच्या घरात बसलेली मिनाची आई.

मी गाळलेला तो चौथा रकाना हाच होता, हे मला तेव्हा कळलं. (मला गोष्टी कळतात, पण नेहमी दुसऱ्या कुणाला त्रास होऊन गेल्यावर.)

स्मारकावरच्या पाटीत लिहिलंय की वाट वेळेत बंद न केल्यामुळे पाणी आत शिरलं. नाव नाही, पण गावात नावाची गरज नव्हती. म्हणून सत्तर वर्षांत मिना एकदाही स्मारकापाशी गेली नाही. दर एक फेब्रुवारीला तिथे बुडालेल्यांत आईचं नाव वाचतात तेव्हा ती घरी बटाटे सोलत बसते. आता नवी पाटी होते आहे, मजकूर पंचवीस तारखेला कोरणाऱ्याकडे जाणार. मिनाने स्मारकाच्या समितीकडे जाऊन सांगितलं की फळ्या चोरीला गेल्या होत्या ते लिहा. समिती म्हणाली, मिनाबाई, असं कुणीही म्हणेल, फळ्या कुणी नेल्या ते सांगा.

तेव्हापासून आम्ही तेच शोधतोय. गुण पुसले, आणि दोन-दोन मुलं मिळून घरोघर विचारत फिरताहेत. प्रत्येक घरी तेच: एक कप कॉफी, डबा उघडायचा, एक बिस्किट, डबा बंद. आणि प्रत्येक घरी उत्तरही तेच. फळ्या तर सगळेच न्यायचे, कुणी डुकरांच्या गोठ्याला, कुणी बर्फावरच्या पुलाला. पण आम्ही नाही. शेजारी विचारा. शेजारी म्हणतात, त्यांनी नेल्या असतील, आम्ही नाही. अख्ख्या गावात फळी नेणारं एकही घर नव्हतं आणि तरी पाच फळ्या गेल्या. मी मुलांना समजावलं की गोष्टीतल्या पाच फळ्या कुठे गेल्या हे लिहिणाऱ्याला माहीत असतं, खऱ्यातल्या मात्र ज्याला माहीत आहे तो बोलला तरच कळतात. इतकं शहाणपणाचं मी आयुष्यात काही बोललो नव्हतो, आणि नेमकी मध्येच घंटा झाली. अर्धा वर्ग बाहेर.

विस्सेबाईंनी मला एक तारखेपर्यंत ठेवलंय. नंतर पोर्तुगाल. शेडचा रंग सोलून निघतोय, तो बहुतेक घराच्या आतल्या भिंतींसाठीचा होता. बाकी ठीक. प्रकृतीला जपा, जिन्यावरून सावकाश उतरा.

तुमचा, अजून कशालाच न लागलेला,
क्राइन

ता. क. पत्र लिहायचं कारण वर राहूनच गेलं. मुलांना जुने फोटो हवे होते म्हणून मी आईकडून अब्राम आजोबांचा अल्बम मागवला. त्यात त्रेपन्नच्या जानेवारीतला एक फोटो आहे: कबुतरांचं नवं कोरं खुराडं, शेजारी अब्राम आजोबा, आणि हातोडा घेऊन हसणारा एक अकरा वर्षांचा मुलगा. बांधाच्या फळ्या क्रमाने बसाव्यात म्हणून त्यांच्यावर आकडे डागलेले असत. खुराड्याच्या फळ्यांवर बारा ते सोळा स्पष्ट वाचता येतात. खानावळीतली बाई का गप्प झाली तेही मला आता वाचता येतं. आजोबा, तुम्ही अकरा वर्षांचे होतात, थोरल्याने आण म्हटलं की धाकटा आणतो, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे. पण फोटोला समिती काहीही म्हणेल. तुमच्या हातच्या दोन ओळी पंचवीसच्या आत पाठवाल का? किंवा स्वतःच या. तोवर फोटो मी कुणाला दाखवणार नाही, अगदी शपथ.

ता. क. २. वरचं खरं नाही. आकडे मला दिसलेच नव्हते, वीकाने दाखवले. तिने सगळ्या वर्गाला दाखवले. तुम्हाला किती गुण द्यायचे यावर मधल्या सुट्टीत भांडण झालं. मी सांगितलं की माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय गुण नाहीत, तर वीका म्हणाली, मग त्यांना बोलवा.

ता. क. ३. आज सकाळी फोटो मिनाला दाखवला. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा तुम्हाला शिव्या देईल, दोन्हीची तयारी मी ठेवली होती. ती चष्मा पुसून पुसून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “इझाकला लिही, स्टेशनवर मी येते घ्यायला. आणि विचार त्याला, कबुतरं वाचली का?”