दादाचा साप

सोम. १३ एप्रिल
कळविण्यास अत्यंत खेद होतो की आमच्या कूलरने आज प्रातःकाळी देह ठेवला. पंप गेला. बर्डीवरचा दुकानदार 'उद्या देतो' म्हणतो. त्याचा उद्या म्हणजे कलियुगाची अखेर. बनियनवर बसून जिल्हा परिषदेची बातमी लिहिली. साहित्यसेवा.

संध्याकाळी दादाला कळमेश्वरला फोन. "काय रज्जुसर्प महाराज?" हसला नाही. "आता बस कर ना गा बंडू. दाढीले गेलो तं न्हावी विचारते, साप उतरला का म्हणून."

मीच हसलो. जानेवारीत याने साखर उतरवायची गोळी घेऊन संकष्टीचा कडक उपास केला. तोंड वाकडं, हात लुळा. रडत धंतोलीच्या इस्पितळात नेला. साखर पार उतरलेली, मेंदूचा फोटो स्वच्छ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झटका नाही, झटक्याची नक्कल. ग्लुकोज चढताच उठून चहा मागू लागला. दोरीला साप समजून पळालो सगळे! रविवारच्या पुरवणीत लेख केला. दादाचं नाव बदललं होतं. पण कळमेश्वरात मला भाऊ एकच, हे सर्वांना ठाऊक.
न्हाव्याचं वाक्य टिपून ठेवलं. पुढे कामी येईल.

गुरु. १६ एप्रिल
दु. साडेबारा, वहिनींचा फोन. "भाऊजी, यायचा उजवा हात उचलूनच नाही राहिला. काय बोलून राहिले तेही समजत नाही." कधीपासून? सकाळी सातपासून.
गाडी करून त्यांनी आणला, मी धंतोलीत दारातच उभा. पावणेदोन.
आधी बोटातून साखर पाहिली. ठीक. साखर ठीक असल्याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. सीटी: रक्तस्राव नाही. मग एमआरआय.
त्याच डॉक्टरीणबाई. पडद्यावर मेंदूच्या डाव्या बाजूला बोराएवढा पांढरा ठिपका. विचारलं, "मागच्यासारखी नक्कल असेल ना?"
"नाही काका. मागच्या वेळी इथं काहीच नव्हतं. हा झटकाच आहे."
रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत. सात तास उलटून गेलेले. "आणायला एवढा उशीर का केला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. वहिनी पदराशी चाळा करत राहिल्या.
वेदान्तात दिवा आणला की साप नाहीसा होतो. इथे दिवा आणल्यावर दिसला.

शुक्र. १७ एप्रिल
वहिनी बोलल्या. बाकावर, डबा उघडता उघडता. पोहे खाताना दादाच्या हातून चमचा पडला. त्याने गूळ खाल्ला. वाट पाहिली. पुन्हा गूळ.
"म्या म्हटलं, बंडूभाऊजींले फोन लावू? तं म्हणे, नको वं. तो अजून एक लेख लिहील. साखरच असंल, अर्ध्या घंट्यात उतरते."
त्यानंतर वाचा गेली.
मी म्हणालो, वहिनी, मी…
"तुमाले काय म्हनू, भाऊजी. तुमी तं गमतीनंच लिहिलं."
यापेक्षा शिवी बरी. डब्यातली पोळी दिली, तीही खाल्ली मी.

रवि. १९ एप्रिल
संपादकांचा फोन. हळहळले. मग, "यावरही लिहा ना. तो पहिला लेख वाचकांना फार आवडला होता."
नको म्हणालो. नंतर बसलोच लिहायला. दोन वाक्यं झाली: 'साप की दोरी हे घरी बसून ओळखता येत नाही. पळत सुटा, आणि दोरी निघाली तर त्या माणसाला हसू नका.' खाली नाव घालायचं होतं. तिथे अडलो.
सौ. म्हणाली, कूलर परवापासून सुरू आहे. लक्षात आलं नव्हतं.

सोम. २० एप्रिल
दादा डोळे उघडून पाहतो. वाचा येईल, डॉक्टरीणबाई म्हणतात. किती, ते सांगता येणार नाही. त्याला डाव्या हाताने चमचा धरायला शिकवताहेत. आज पडला. मी उचलून दिला.
माझ्याकडे पाहून हसला, की तोंडच तसं झालंय? वहिनींना विचारायची हिंमत झाली नाही. एरवी खाटेशी बसून मी काहीतरी फिरकी घेतली असती.
भीती वाटते. दादा पुन्हा बोलणार नाही, याची. आणि त्याला सगळं नीट समजत असेल, याची.