दादाच्या ओट्यावरचा फोटो

१२ फेब्रुवारी, बुधवार
घरकुलाच्या मॅडम येऊन गेल्या.
सकाळी हिने अंगण सारवलं. भाचीच्या लग्नातली साडी नेसली. मी धुतलेली टोपी घातली. आधार, रेशनकार्ड, जॉबकार्ड सगळं पिशवीत कालच भरून ठेवलं होतं, तरी पाच वेळा उघडून पाहिलं. मॅडम आमच्या मुलापेक्षा, सुनीलपेक्षा लहान. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात मोबाईल. दादाच्या ओट्यावर बसवलं. आमच्याकडे खुर्ची नाही, आणि दोघा भावांचं अंगण एकच. कोणी परका आला की तिथेच बसतो.
चहा झाला. मग आम्हा दोघांना ओट्यावरच उभं केलं. "काका, हेच ना घर?" मी म्हटलं, "हो, आमचंच."
फोटो दाखवला. छान आला आहे. मागे दादाच्या घराचा गुलाबी रंग.

१६ फेब्रुवारी, रविवार
सुनील आला होता. वाशिंदला कारखान्यात आहे, तिथेच भाड्याची खोली. सून, नात. दर वेळचंच बोलणं. "आबा, कशाला त्या घरकुलाच्या मागं? तिकडं चला." दोनदा राहून आलो. खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी. पाचही जण झोपलो की दार उघडत नाही.
त्याला मागची भिंत दाखवली. कारवीचा कूड आतून कुजला आहे. बाहेरून दोन टेकू दिले आहेत. ही त्याच भिंतीला डोकं करून झोपते, तिची जागा बदलत नाही. पुढचा पावसाळा ही भिंत काढणार नाही. एवढं मला दिसतं. म्हणून घरकुल.
सुनील टेकूला हात लावून उभा राहिला. मग म्हणाला, "ह्या भिंतीला सारवता तरी कशाला?" हिला ऐकू गेलं.

३ मार्च, सोमवार
ग्रा. पं.च्या बोर्डावर अपात्रांचा कागद लागला. माझं नाव सातवं. पुढे कारण लिहिलं आहे: पक्के घर.
मी चौथी शिकलो आहे. तरी चार वेळा वाचलं. मग बरकूला वाचायला लावलं. आमच्या आळीतला, शाळेत माझ्याबरोबर होता. वाचून हसायला लागला. "बरा की रे! कधी बांधलास? वास्तुशांतीला बोलावलं पण नाय!"
घरी सांगितलं नाही. जेवण गेलं नाही. ताप आहे म्हणालो.

४ मार्च, मंगळवार
ग्रामसेवकांनी मोबाईलवर तोच फोटो उघडून दाखवला. आम्ही दोघं, टोपी, साडी, मागे दादाचा स्लॅब.
"काका, हे कोणाचं घर?"
"दादाचं."
"मग मॅडमना तुमचं का सांगितलं?"
मी म्हटलं, आमच्यात असंच बोलतात. परक्यासमोर भावाचं घर वेगळं काढून दाखवत नाहीत. ते म्हणाले, "मोबाईलला ते कळत नाही."
खरं आहे ते. पण पुरतं खरं नाही. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. फोटो साहेबांकडे जाणार होता. कूड आणि टेकू साहेबांनी बघावे असं मला वाटलं नाही. लाज वाटली. घर नसलेल्याला घर देणार ते लोक, आणि मी त्यांना घर दाखवून बसलो.
हिला शेवटी सांगितलं. "मला तवाच वाटलं व्हतं," म्हणाली. मी म्हटलं, मग बोलायचं होतं ना. "तुमी एवढे हसत व्हते फोटोत."

७ मार्च, शुक्रवार
शहापूरला गेलो. जाताना एस.टी., येताना जीप. तालुक्याच्या ऑफिसात क्लार्कबाई चांगल्या होत्या, बसा म्हणाल्या. फेरतपासणीचा अर्ज त्यांनीच लिहून दिला. पण त्याला एक कागद जोडायचा: ज्याचं घर आहे त्याने लिहून द्यायचं, की हे घर माझं एकट्याचं, माझ्या भावाचा त्यात काही हक्क नाही, तो इथे राहत नाही.
तो नमुना घडी करून खिशात ठेवला आहे. दादाला कसा दाखवू?

९ मार्च, रविवार
दादाबद्दल कधी लिहिलं नाही. रोज समोर असतो म्हणून. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. वहिनी गेल्याला आठ वर्षं. दोन मुली, दोन्ही मुरबाडकडे दिल्या. वाटणीत त्याला खालची जमीन आली, मला माळावरची. मग खालून मोठा रस्ता गेला. त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे आले, त्यातून त्याने स्लॅबचं घर बांधलं. चार खोल्या. एका खोलीत झोपतो, तीन बंद. जेवतो आमच्याकडे, दोन्ही वेळ. घर झालं त्या दिवसापासून सांगतो, "या इकडं, घर तुमचाच हाय." हीच नको म्हणते. "उद्या लेकी येतील. त्यांचा हाय तो."
आणि त्याच दादाला मी म्हणायचं, लिहून दे की माझा काही हक्क नाही.
दोनदा कागद काढला, दोनदा आत ठेवला. घामाने शाई फुटायला लागली आहे.

१० मार्च, सोमवार
दिला. दादाला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवला. "हक्क नाही" तिथे आवाज खाली केला. तरी ऐकलं.
दादाने कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग, "असा लिवून द्यायचा? लोक काय बोलतील? भावाला हाकलला म्हणतील."
"लोक वाचणार नाय दादा. ऑफिसात जाईल फक्त."
"मी तर वाचला ना." वाचला मी होता. पण बरोबर बोलला.
कागद घेऊन उठून आत गेला. दार लावलं.

११ मार्च, मंगळवार
दादा जेवायला आला नाही. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. ओट्यावर बसून कोरा चहा पितो, तो दिसतो. मी तिकडे बघितलं की तो शेताकडे बघतो.
काय काय मनात येतं. दादाचं कमीजास्त झालं तर? मुली म्हणतील काकाने कागदावर सही मागितली, त्याचा धसका घेतला. घरकुल नको, जाऊ दे. सकाळी दादाकडून कागद मागून फाडून टाकायचा ठरवला. मग भिंतीतून माती पडली, पसाभर. हिच्या उशीवर.

१२ मार्च, बुधवार
कागद मागायला गेलो नाही.
आजही दादा आला नाही. ही ताट घेऊन स्वतः गेली. मी दाराआडून ऐकत होतो. डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. "भावजी, भात निवतोय. सही करा नायतर नका करू. पण उपाशी राहून माझ्या नावावर पाप कशाला?"
दादा म्हणाला, "तुला तरी पटतंय का गो?"
"मला काय पटायचा? मला त्या भिंतीखाली झोपायचा हाय."
ताट रिकामं परत आलं. ताटाखाली कागद. सहीच्या जागी दादाचा अंगठा. कागदाच्या कोपऱ्याला आमटीचा डाग पडला आहे. चालेल ना ऑफिसात?

१७ मार्च, सोमवार
चालला. क्लार्कबाईंनी डाग बघितला, शिक्का मारला. मॅडम परत येतील म्हणाल्या. कधी ते सांगता येत नाही.
दादा जेवायला येतो. पण पूर्वी न विचारता भात वाढून घ्यायचा, आता ही वाढेपर्यंत थांबतो.

७ एप्रिल, सोमवार
उद्या मॅडम येणार. निरोप आला.
बरकूचं ऐकलं. म्हणाला, "ह्या टायमाला घर नीट दाखव. म्हणजे वायट दाखव. चार कौलं काढ, सारवण खरवडून टाक." त्याचं स्वतःचं घरकुल दोन वर्षं लिंटलपर्यंत, दाराच्या उंचीपर्यंत येऊन थांबलं आहे, शेजारी झोपडीत राहतो. विचारलं, वरचं कधी? "आभाळ हाय ना. स्लॅब फुकट."
ते मनात बसलं. जुनं पाडायचं, नवं लिंटलला थांबलं तर आम्ही कुठे? दादाच्या घरात? जिथे माझा हक्क नाही असं मीच लिहून आणलं.
तरी दुपारी ही नदीवर गेली तेव्हा शिडी लावून चार कौलं काढली. भिंतीला कोयता लावला, पण खरवडता आलं नाही. थरावर थर आहेत तिच्या हाताचे. बोटं उमटली आहेत अजून.
ही आली. वर बघितलं. "कोणी काढली?" मी कोयता पाठीमागे घेतला. "ठेवा परत."
"अगो, मॅडमला दिसायला नको का?"
"टेकू दिसतील ना. टेकू खोटे हायत का? एकदा लबाडी करून झाली. आता ही उलटी कशाला?"
परत शिडी चढलो. खालून शिडी दादाने धरली. कधी आला कळलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार
मॅडम आल्या. हिने पहाटे उठून मागची भिंतसुद्धा सारवली. खाली गेरूचा पट्टा. मी कपाळाला हात लावला.
"काका, आता हेच ना घर?" मॅडम हसल्या, मलाही हसू आलं.
समोरून, बाजूने, मागून टेकूंचा, सगळे फोटो. मॅडमनी टेकूला हात लावून बघितला, आत जाऊन हिची झोपायची जागा बघितली. मोबाईलमध्ये बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "मागे कोणाचं घर दिसतंय? ते यायला नको." दादा ओट्यावर बसला होता. ऐकून उठला, आत गेला, दार ओढून घेतलं. फोटो होईपर्यंत बाहेर आला नाही.
या फोटोत मी हसलो नाही. घर मात्र नीटनेटकं दिसतं. भिंत झुकलेली आहे हे कळतं का, मॅडमना दोनदा विचारलं. "कळतं हो काका."

२ मे, शुक्रवार
बोर्डावर काही नाही. ग्रामसेवक म्हणाले, वरून यादी यायची आहे. ग्रामसभेत वाचतील. नाव आलं तरी क्रमाने.
क्रम म्हणजे किती? त्यांनी हात वर केले.

१५ मे, गुरुवार
दादा म्हणाला, पावसाळ्यात तरी झोपायला इकडे या. हिने मान हलवली. हो म्हणते आहे! इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
मला झोप नाही. आम्ही तिकडे झोपलो आणि कोणी तपासायला आलं तर? "तो इथे राहत नाही" असं लिहिलेलं आहे. दिवसा राहायचं नाही, फक्त रात्री झोपायचं, ते राहणं धरतात का? ग्रामसेवकांना विचारावं तर संशय येईल. न विचारावं तर ही त्या भिंतीखाली.

२६ मे, सोमवार
ग्रा. पं.त जाऊन आलो. बोर्डावर लसीकरणाचा कागद.
घरी आलो तर ही म्हणाली, ओहोळावरून तांबडी माती आणा, भिंत भेगाळली आहे. मी म्हटलं, "घरकुल आलं तर पाडायचीच हाय ना गो."
"आलं तर पाडा. आज उभी हाय."
"एक पाटी आणू का दोन?"
भिंतीकडे बघत उभी राहिली. "दोन."
दोन पाट्या म्हणजे पुरा पावसाळा आणि वर दिवाळीपर्यंतचं सारवण. मला एका खेपेला एकच पाटी उचलते आता. ओहोळावर दुसरी घ्यायला वाकलो तर दादाने आधीच घेतली होती. पुढे चालायला लागला.