गुळणीचे द्रवगतिशास्त्र

३ फेब्रुवारी
कन्या आणि अडीच महिन्यांचा नातू सकाळी दाखल. मुक्काम महिनाअखेरपर्यंत, मात्र बाळाला इथे मानवले नाही तर आधीच सासूबाईंकडे जाईन, असे कन्येने दारातच बजावले. नातवाने माझ्या खांद्यावर दूध टाकून परिचय दिला. सौ. म्हणाली, तान्ही बाळं गुळणी टाकतातच, त्यात काय एवढं. विज्ञानाचा ऱ्हास होतो तो अशाच उद्गारांनी. नलिकांतील द्रवप्रवाह हा विषय मी आयुष्यभर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवला. अन्ननलिका ही अखेर नलिकाच. आठवडाभरात प्रश्न निकालात काढतो. कोणी कुठे जाणार नाही.

५ फेब्रुवारी
बालरोगतज्ज्ञ बाईंकडे. वय माझ्या विद्यार्थिनींइतके. निदान: जठराच्या तोंडाची झडप अजून सैल आहे, वजन छान वाढतंय, पाजल्यावर थोडा वेळ उभं धरा, बाकी काही करू नका. वर म्हणाल्या, त्रास बाळाला नाहीये आजोबा, तुमच्या शर्टाला आहे. काहीही न करण्याची फी घेणारे हे एकमेव शास्त्र असावे.

६ फेब्रुवारी
बाळाला पाजल्यावर ताठ बसवण्याचे 'ऊर्ध्वासन' सिद्ध. साहित्य: जुना ड्रॉइंग बोर्ड, सोफ्याच्या दोन उशा, मफलरचा पट्टा. नातू त्यात न्यायमूर्तींसारखा विराजमान. निकाल: गुळणी. परिमाण मोजण्यासाठी लाळेरे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. सौ.ने काटाच जप्त केला. म्हणे, यावर मी पीठ मोजते. संशोधनाचे शत्रू घरातच असतात.

८ फेब्रुवारी
आसनाचा कोन वाढवला. गुळण्याही वाढल्या. नातवाचा असहकार उघड. सौ.चा दावा, माझ्या खांद्यावर तो कधी टाकत नाही. उपकरणरहित निरीक्षण, बाद.

९ फेब्रुवारी
कन्येच्या आहारावर संशय. चहा, तिखट, चॉकलेट वर्ज्य करावे, अशी नम्र सूचना केली. ती म्हणाली, बाबा, तुम्ही आधी सूचना वर्ज्य करा. तेव्हापासून अबोला. मौनामुळे एकाग्रता साधते, हा त्यातला लाभ.

११ फेब्रुवारी
विहीणबाईंचा फोन. पाठवा की इकडे, होईल शांत. मी त्यांना दाब आणि प्रवाह यांचा संबंध सविस्तर विशद केला. त्या 'हो का' म्हणाल्या आणि फोन सुनेकडे द्यायला सांगितला. कन्या बाल्कनीत जाऊन बराच वेळ हळू आवाजात बोलली. ऊर्ध्वासनाची निरुपद्रविता सिद्ध करणे आता तातडीचे.

१२ फेब्रुवारी
भरपेट जेवून सोफ्यावर मी स्वतः त्याच मुद्रेत बसलो. पोटाची घडी, गुडघे हनुवटीशी. अल्पावधीत आंबट ढेकर घशापर्यंत. उठता येईना. सौ.ने हात धरून ओढून काढले. म्हणाली, कळलं का आता त्या लेकराचं? कळण्याजोगे काही नव्हते. प्रौढ जठराची बालजठराशी तुलना सर्वथा अशास्त्रीय.

१४ फेब्रुवारी
पुन्हा डॉक्टरबाई. कन्येने मोबाइलवर ऊर्ध्वासनाचा फोटो दाखवला. बाईंनी तो मोठा करून पाहिला. मग म्हणाल्या, अहो, कंबरेत वाकून पोट दाबलं जातंय, दूध वर येणारच. हे आजच बंद. कोणी बनवलं, असेही विचारले. घरातल्या इंजिनिअरनं, कन्या उत्तरली. श्रेय मिळाले; स्वर मात्र अनुचित. घरी येताच बॅगा भरणे सुरू.

१५ फेब्रुवारी
निघण्याची घाई. सौ. डबा भरण्यात, कन्या हरवलेला मोजा शोधण्यात. दुसरे कोणी मोकळे नसल्याने नुकताच पाजलेला नातू माझ्या हाती आला. नुसता उभा धरला. त्याने कानाशी भरघोस ढेकर दिला, खांद्यावर मान टेकवली आणि झोपला. गुळणी नाही. कन्या मोजा हातात घेऊन थबकली. म्हणाली, येतं की बाबा तुम्हाला. एका निरीक्षणावरून निष्कर्ष निघत नाही, पुनरावृत्तीसाठी महिनाअखेरपर्यंत थांबणे आवश्यक आहे, असे मी निदर्शनास आणले. सामान गाडीत चढले आहे, असे तिने निदर्शनास आणले.