तीनदाच काऊन?

प्रिय सर,

परवा तान्ह्या पोळ्याला तुमच्या अंगणात माझ्या तोंडून "पाठ कर!" निघालं आणि माझं सगळंच फिरलं. म्हणून लिहितो आहे. तुम्ही असता तर लिहायची पाळीच आली नसती. तिथल्या तिथं कान धरला असता!

तुम्ही गेल्यावरचा हा पहिला तान्हा पोळा. पोरं आपापले लाकडी बैल ओढत, सवयीनं तुमच्याच दारी आली. शिंगांना चकचकीत कागदाच्या टोप्या आता कोण करून देणार? नलूनं मला निरोप धाडला. तुमची लेक बोलावते म्हटल्यावर मी भरल्या ताटावरून उठलो, हे तुम्हाला वेगळं सांगायला हवं का?

वर्तुळ कापायचं, त्यातली फाक काढायची, कडा जुळवायच्या, झाला शंकू. फाक जितकी मोठी, टोपी तितकी निमुळती. तुम्हीच शिकवलेलं. पण मी पहिलीच फाक लहान काढली आणि शिंगावर छत्री बसली! नलू म्हणाली, "बैल पावसात चालला का रे, सुध्या?"

मग पोरांना तुमचा खेळ हवा झाला. फळीवरून टिनाचा शंकू काढला आणि तेवढ्याच तोंडाचा, तेवढ्याच उंचीचा डबा. शंकूभर ज्वारी तीनदा ओतली, डबा काठोकाठ भरला. पोरं ओरडली. एक छबी तेवढी गप्प. तुमच्या शेजारची, नाक ओढणारी.

"तीनदाच काऊन?"

"दिसलं ना तुले?"

"दिसलं. पण काऊन?"

माझं डोकं सटकलं. "असतंच तसं! पाठ कर!"

ओसरीवरून नलू म्हणाली, "वा रे वा! याच शब्दापायी कॉलेज सोडलं ना तू?"

सर, माझ्या हातातली ज्वारी सांडली.

वर्ध्याला त्या प्राध्यापकांनी फळ्यावर शंकूच्या घनफळाचं सूत्र लिहिलं, तेव्हा मीही हेच विचारलं होतं, एक तृतीयांशच का? "पाठ करा," म्हणाले. मी म्हणालो, आमच्या देवळी गावची पोरंसुद्धा हे ज्वारीनं करून दाखवतात. "मग देवळीलाच ज्वारी मोजत बसा." वर्ग हसला. मी पुस्तक आपटलं आणि मिळेल त्या बसनं थेट तुमच्याकडे आलो.

शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. तुम्ही काय म्हणालात?

"ज्वारीनं दिसते, सुध्या, सिद्ध होत नाई. मले दाखवता येते तेवढं मी दाखवलं. पुढचं शिकाले तुले धाडलं, अन् तू भांडून आला?"

नलूसमोर बोलायलाच हवं होतं का, सर? एकट्याला बोलला असतात तर मी ऐकलंही असतं. तुम्ही तो शंकू जमिनीवर आडवा ठेवलात आणि बोटानं ढकललात. "पाह्य, सरळ जातच नाई. आपल्याच टोकाभोवती फिरते अन् जाग्यावर येते. अगदी तुह्यावानी!"

ते टोक म्हणजे तुमच्याच घरातलं कोण, हे तुम्हाला ठाऊक होतं ना? ठाऊक असून एका शब्दानं बोलला नाहीत. मी रुसून तुमच्या गल्लीतून जाणं सोडलं. माझा रुसवा सरेपर्यंत तरी थांबायचं होतं! इतकी कसली घाई होती?

काल नलूला विचारलं, छबीला काय सांगू? ती म्हणाली, "ते तुले शिकून यावं लागते. अन् तुले मले जे सांगाचं हाय, ते त्याच्यामागून सांगजो." म्हणजे तिलाही ठाऊक आहे! तुम्हा बापलेकीला सगळंच कसं ठाऊक असतं?

तिनंच तुमची खोली उघडून दिली. तुमच्याच टेबलावर हे लिहितो आहे. दुपारच्या बसनं वर्ध्याला जातो. कॉलेज परत घेईल की नाही, माहीत नाही. त्याच प्राध्यापकांपुढे उभं राहायचं आहे आणि आतापासूनच कानशिलं तापली आहेत.

पण वचन देतो, वर्ग कितीही हसला तरी बाक सोडणार नाही. तुमची ज्वारी जिथं थांबली तिथून पुढचं शिकेन, छबीला समजेल असं तिला सांगेन आणि मगच नलूपुढे तोंड उघडेन. त्याआधी नाही.

शंकू फळीवर ठेवला आहे, पालथा, टोक वर करून. तसा तो घरंगळत नाही.

बस यायला झाली. दार ओढून घेतो.

तुमचा,
सुधाकर